चित्रकलेच्या पदवीचा हिशेब

फाईन आर्ट्सला जावं का, आणि गेलं तर किती पैसे घालावेत, असं विचारणारी पत्रं दर उन्हाळ्यात येतात. यंदा इथली, म्हणजे वडोदऱ्याची, आणि इंदूरहून आलेली मिळून पाच निवडली आहेत. नावं छापलेली नाहीत.

मुलगी बारावी सायन्स झाली, पण तिला पेंटिंगच करायचं आहे. इथल्या फाईन आर्ट्सची प्रवेश-चाचणी ती देणार आहे. मात्र जागा मोजक्या. परराज्यातल्या एका खासगी विद्यापीठात प्रवेश नक्की मिळतोय. फी, हॉस्टेल, मेस धरून वर्षाला दोन लाख, चार वर्षं. कर्ज काढावं का? – एक आई, दांडिया बाजार

आधी कर्जाकडे बघू. दरवर्षी २ लाख उचलले, व्याज १० टक्के धरलं आणि पदवीनंतर एक वर्ष हप्त्याला सवलत मिळाली, तर पहिला हप्ता भरायच्या आधीच सरळ व्याजाचे २ लाख ८० हजार झालेले असतात. फेडायचे होतात १० लाख ८० हजार. सात वर्षांत फेडायचे म्हटलं तर महिन्याचा हप्ता साधारण १७,९०० रुपये. शिवाय साडेसात लाखांच्या वर गेलात की बँक बहुधा तारण मागते, म्हणजे घराची कागदपत्रं बाहेर काढावी लागतील.

आता नवख्या चित्रकाराची कमाई मांडा. समजा एक चित्र २० हजारांना गेलं. गॅलरीचा वाटा ४० टक्के धरला (तिसरा हिस्सा ते निम्मे, असं कुठेही असू शकतं), तर हातात १२ हजार. त्यातून कॅनव्हास, रंग, फ्रेम आणि ने-आणीचे ५ हजार गेले. उरले ७ हजार. नुसता हप्ता भागवायला वर्षाला ३१ चित्रं विकली गेली पाहिजेत, जेवणखाण वेगळं. पंचविशीतल्या चित्रकाराची वर्षाला ३१ चित्रं विकली जात नाहीत. मग हप्त्यासाठी तो मिळेल ते काम धरतो आणि पेंटिंग रविवारवर जातं. म्हणून आमचं मत स्पष्ट आहे: पेंटिंगच्या पदवीसाठी एवढं कर्ज काढू नका. इथे जागा मिळाली तर मात्र डोळे मिटून पाठवा, कारण मुलगी घरी राहून शिकेल आणि खर्चातला सगळ्यात जाड भाग, राहण्या-जेवणाचा, तिथेच गळून पडेल.

तरीही कॉलेजात नेमकं काय मिळतं ते माहीत असावं, नाहीतर स्वस्त जागाही वाया जाते. रंग कसे मिसळायचे, सावली कशी द्यायची हे आता घरबसल्या शिकता येतं. घरी मिळत नाही ते असं: सहा फुटी कॅनव्हास उभा करून दहा पावलं मागे जाता येईल अशी खोली; समोर तासन् तास बसणारं मॉडेल; एचिंगचा (धातूच्या पत्र्यावरून चित्र छापायचा) प्रेस, लिथोचे (दगडावरून चित्र छापायचे) दगड, ओतकामाची भट्टी; आणि ‘हे तू मागच्या महिन्यातही केलं होतंस’ असं तोंडावर सांगणारे वीस जण. शेवटचं सगळ्यात महागाचं. १९५० साली इथल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाची फाईन आर्ट्स फॅकल्टी सुरू झाल्यापासून तिचा दबदबा आहे तो मुख्यतः या वातावरणामुळे.

पदवीचा कागद कुठे लागतो? शिकवण्याच्या नोकरीत. कॉलेजात शिकवायचं तर बहुधा ५५ टक्क्यांची पदव्युत्तर पदवी आणि दृश्यकलेतली नेट ही पात्रता-परीक्षा. शाळेत कलाशिक्षक व्हायचं तर मान्यताप्राप्त पदवी किंवा पदविका. गॅलरीवाला कागद मागत नाही, कामं मागतो. मुलीच्या मनात शिक्षकी पेशा असेल तर खासगी संस्थेची मान्यता आणि अभ्यासक्रमाचं नेमकं नाव आधी तपासा. ‘सर्टिफिकेट’, ‘डिप्लोमा’ आणि ‘डिग्री’ यांचं वजन भरतीच्या वेळी वेगवेगळं भरतं, आणि तेव्हा उशीर झालेला असतो.

कुठलंही कॉलेज माहितीपत्रकावरून ठरवू नका. वर्षअखेरीला विद्यार्थ्यांच्या कामांचं प्रदर्शन लागतं, तेव्हा जा. एका वर्गाची सगळी कामं एकाच हातची वाटली तर शिक्षक आपली शैली गिरवून घेतात असं समजा. मॉडेल आठवड्यातून किती दिवस बसतं आणि स्टुडिओ संध्याकाळी पाचनंतर उघडा असतो का, हे शिपायालाच विचारा. तो खरं सांगतो. प्रेसवर धूळ असेल तर तो फक्त दाखवायला आहे. तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलाला गाठून गेल्या सहामाहीत साहित्यावर किती गेले ते विचारा. पहिल्या वर्षी कागद आणि कोळशावर भागतं, तिसऱ्या वर्षापासून कॅनव्हास मोठे होतात, शेवटच्या वर्षी मांडणी आणि फ्रेमिंगचा खर्च येतो, आणि हे आकडे फीच्या तक्त्यात नसतात.

यंदा इथे जागा नाही मिळाली तर एक वर्ष थांबून पुन्हा चाचणी देणं हा पर्याय आठ लाखांच्या समोर ठेवून बघा. त्या वर्षात काय करायचं ते पुढच्या उत्तरात आहे.

वय २९, अकाउंट्सची नोकरी, संध्याकाळी सातनंतर मोकळा. भूपेन खख्खर सीए होते आणि चित्रकलेची पदवी न घेता एवढे मोठे झाले. मग मी नोकरी सोडून चार वर्षं का घालवावीत? – वाडी

घालवू नका. पण खख्खरांचा दाखला अर्धाच दिलात. १९६२ साली ते बडोद्याला आले ते इथल्या फॅकल्टीत कलासमीक्षा शिकायला. पुढे वर्षानुवर्षं हिशेबाची नोकरी सांभाळून चित्रं काढली हे खरं, पण रोजचं उठणं-बसणं गुलाममोहम्मद शेख यांच्यासारख्या चित्रकारांत होतं. पेंटिंगची पदवी नव्हती, पण कॉलेजात जे मिळतं ते त्यांना मिळत होतं. तुम्हालाही फी न भरता तेवढंच मिळवायचं आहे.

आठवड्याला १२ तास काढा: दोन संध्याकाळी दोन-दोन तास रेखाटन, रविवारी सहा तास रंगकाम, उरलेले दोन तास बघण्यासाठी. पाच-सहा जण जमवून मॉडेलचं मानधन वाटून घ्या. एका बैठकीत एक-एक मिनिटाची दहा रेखाटनं, पाच मिनिटांची चार, मग वीस मिनिटांचं एक. एका मिनिटाच्या रेखाटनात नाक-डोळे काढत बसू नका. वजन कुठल्या पायावर आहे आणि खांदे-कंबर कुठे कलली आहे एवढंच पकडा. रंगात पहिले सहा महिने चारच ट्यूब: टायटॅनियम व्हाईट, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, अल्ट्रामरीन. यातल्या निळ्या आणि तपकिरीतून काळ्याच्या जवळ जाणारा गडद रंग मिळतो, म्हणून काळी ट्यूब घेऊ नका. चोवीस रंगांची पेटी घेणाऱ्याला रंगाचा गडद-फिकेपणा दिसायला वर्ष जास्त लागतं.

एकट्यानं शिकणारे हमखास अडकतात ते मोबाईलवरच्या फोटोत. फोटोत सावल्या सपाट काळ्या होतात, सगळ्या कडा सारख्याच धारदार दिसतात आणि जवळून काढलेल्या चेहऱ्याचं नाक फुगतं. फोटोवरून कितीही सफाईदार उतरवलं तरी हे दोष तसेच उतरतात. घरातली पितळी लोटी, कांदा आणि चुरगळलेला पंचा एका बाजूच्या दिव्याखाली ठेवून तीन महिने काढा.

बघायला वडोदऱ्यात कमी नाही. कीर्तिमंदिरात नंदलाल बोसांची भित्तिचित्रं आहेत. मोठ्या भिंतीवर माणसांचे घोळके कसे बसवले आहेत हे एका छोट्या वहीत नुसत्या आकारांनी टिपून घ्या. कमाटीबागेतल्या म्युझियमच्या पिक्चर गॅलरीत युरोपियन तैलचित्रं आहेत आणि फतेहसिंह म्युझियममध्ये रविवर्म्याची. एका खेपेला एकच चित्र बघायचं, अर्धा तास. आधी लांबून डोळे किलकिले करून उजेड-अंधाराचे मोठे तुकडे, मग जवळ जाऊन रंग कुठे जाड आणि कुठे पातळ आहे ते.

महिन्यातून एकदा चार जणांनी प्रत्येकी तीन कामं आणून भिंतीला लावावीत. ज्याचं काम, त्यानं पहिली दहा मिनिटं गप्प बसायचं. तो बोलायला लागला की बाकीचे चित्र सोडून त्याचं बोलणंच बघतात. घरच्यांना यात घेऊ नका. त्यांना सगळंच छान वाटतं.

अप्लाइड आर्ट (जाहिरात, डिझाईन) घेतलं तर नोकरी तरी मिळेल, पेंटिंग नंतर करता येईल, असं नातेवाईक सांगतात. – बाबाजीपुरा

डिझाईनचं काम मनापासून आवडत असेल तर जरूर घ्या. त्याला मागणी जास्त आहे. पण अप्लाइडचे सबमिशन दिवसरात्र खातात, त्यामुळे ‘नंतर’ त्या चार वर्षांत तरी येत नाही. दोन्हींच्या पहिल्या वर्षाची कामं शेजारी ठेवून बघा आणि जे करताना घड्याळ बघावं लागणार नाही ते निवडा.

इंदूरलाच पदवी करावी की बडोद्याला यावं? आणि पोर्टफोलिओत काय ठेवावं? – इंदूर

चित्रकार ना. श्री. बेंद्रे इंदूरचेच. देवळालीकर मास्तरांच्या हाताखाली तिथे शिकले आणि पुढे बडोद्याच्या फॅकल्टीत पेंटिंग विभाग त्यांनी उभा केला. खर्चाच्या दृष्टीनंही आम्ही तोच क्रम सुचवू: पदवी घराजवळ, पदव्युत्तर बाहेर. चारऐवजी दोनच वर्षांचं हॉस्टेल पडतं, आणि बावीस-तेविसाव्या वर्षी मुलाला आपल्याला काय शोधायचं आहे हे कळलेलं असतं. घरचं कॉलेज अगदीच सुस्त असेल तरच आधी बाहेर पडा.

पोर्टफोलिओत १२ ते १५ कामं आणि दोन भरलेल्या स्केचबुक्स पुरतात. नटनट्यांचे चेहरे, फोटोवरून काढलेले देव आणि बोटानं घासून गुळगुळीत केलेली पेन्सिल-छटा, या तीन गोष्टी काढून टाका. घासलेली छटा आकाराला गोलाई देत नाही, नुसती धुरकट होते, आणि परीक्षकाला ते लांबूनच दिसतं. सराफ्यातली रात्रीची गर्दी, राजवाड्यासमोरच्या रिक्षा, स्वयंपाकघरात काम करणारी आई, असं समोर बसून केलेलं ठेवा, हात अडखळलेला असला तरी. कामांना फ्रेम करू नका. वजन वाढतं आणि काच चमकते. सगळी कामं एकाच मापाची नकोत. चाचणीत बहुतेक वस्तुचित्र आणि स्मरणचित्र विचारतात (त्या वर्षीची सूचना वाचून खात्री करा). तयारीत वेळ लावून सराव करा: कागदावर आकारांची जागा ठरवायला पहिली पंधरा मिनिटं. वस्तू कागदाच्या मधोमध चिमुकली काढून आजूबाजूला रान मोकळं सोडणं, यातच बरेच गुण जातात.

व्हिडिओ बघून तैलरंग शिकतोय. वाळल्यावर गडद भाग ठिकठिकाणी निस्तेज, खडूसारखे दिसतात. एका चित्राला भेगाही गेल्या. यासाठी कॉलेजला जावं लागेल का? – रावपुरा

एवढ्यासाठी नाही. निस्तेज डाग पडतात कारण खालचा थर रंगातलं तेल शोषून घेतो. तयार स्वस्त कॅनव्हासवर अस्तर पातळ असतं. त्यावर ॲक्रिलिक जेसोचे (पांढऱ्या अस्तराचे) आणखी दोन हात द्या, प्रत्येक हात वाळल्यावर बारीक पॉलिश पेपरनं हलकं घासून. आता जे डाग पडलेत त्यांवर जवसाचं तेल आणि टर्पेंटाईन सारख्या प्रमाणात घेऊन अगदी पातळ चोळा आणि दहा मिनिटांनी सुती कापडानं पुसून काढा. चमक परत येते, त्यावर पुढचं कामही करता येतं. टर्पेंटाईनऐवजी रॉकेल वापरत असाल तर बंद करा. ते रेंगाळत उडतं आणि मागे चिकट थर सोडतं.

भेगांचं कारण बहुधा थरांचा उलटा क्रम. खाली भरपूर तेलाचा जाड रंग आणि वर टर्पेंटाईनमध्ये पातळ केलेला दिला की वरचा आधी कडक होतो, खालचा अजून हलत असतो, आणि वरचा फाटतो. पहिला थर टर्पेंटाईननं पातळ, पुढचे क्रमाक्रमानं जास्त तेलाचे, असं ठेवा. तैलरंगावर ॲक्रिलिक कधीच नको. ॲक्रिलिकवर तैलरंग चालतो. झिंक व्हाईटचा थर काळानुसार ठिसूळ होतो, म्हणून पांढऱ्यासाठी टायटॅनियम घ्या. पावसाळ्यात कॅनव्हास ढिला पडतो आणि मागून बुरशी धरते. चित्र भिंतीला चिकटवून ठेवू नका, मागे बोटभर हवा खेळू द्या. शेवटचं व्हार्निश सहा महिन्यांनंतर, जाड रंग असेल तर वर्षानं. आणि जवसाच्या तेलाची फडकी गोळा करून कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. वाळताना ती तापतात आणि आपोआप पेटूही शकतात. गच्चीवर पसरून वाळवा, कडक झाली की मग टाका.