बंद मिलची जमीन : वाचकांचे प्रश्न

इंदूरच्या बंद कापड गिरण्यांच्या जागांवरील दूषित मातीविषयी तेच प्रश्न वारंवार येत असल्याने काहींची उत्तरे एकत्र देत आहे.

प्रश्न : मिल बंद होऊन तीस वर्षे झाली. एवढ्या पावसांत विष धुऊन गेले नसेल का? (रामबाग)

नाही. शिसे आणि क्रोमियम कुजत नाहीत. पाऊस त्यांना फार तर खाली भूजलाकडे नेतो.

प्रश्न : विक्रेता म्हणतो, दोन फूट मुरूम टाकला आहे, माती परीक्षणाचा अहवालही आहे. भूखंड घ्यावा का? (सुदामा नगर)

हे वाचून मला संताप येतो. मुरूम टाकल्याने डाग झाकला जातो, जमीन शुद्ध होत नाही; पायासाठी खोदकाम झाले की तीच माती वर येते आणि मुले तिच्यात खेळतात. रंगाई विभागाचा गाळ, बॉयलरची राख, इंधनाच्या टाक्यांची गळती आणि जुन्या पाइपांवरील अ‍ॅस्बेस्टॉस हे सगळे गिरणीच्या आवारात वेगवेगळ्या ठिकाणी साचलेले असू शकते, त्यामुळे एका कोपऱ्यातील नमुन्यावरून साऱ्या जागेचा निर्वाळा देता येत नाही. शिवाय दाखवला जाणारा अहवाल बहुधा शेतीचा असतो. त्यात नत्र, स्फुरद, पालाश मोजतात, क्रोमियम किंवा तेल नव्हे. माळव्याची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि खालच्या बेसाल्टलाही फटी असतात, म्हणून बोअरचे पाणीही तपासलेच पाहिजे. गिरणीचा जुना नकाशा मिळवा, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून वेगवेगळ्या खोलीवरचे नमुने तपासून घ्या आणि पर्यावरण अभियंत्याचा लेखी सल्ला मिळेपर्यंत बयाणा देऊ नका.

प्रश्न : मग अशा जागा तशाच पडू द्याव्यात का?

मुळीच नाही. रस्ते, जलवाहिन्या आणि मलनिस्सारण तेथे पोहोचलेले असते, त्यामुळे शहर शेतजमिनीवर पसरण्याऐवजी आतल्या आत वाढू शकते. पडीक ठेवल्यास मात्र दूषण भूजलात उतरत राहते आणि शेजारच्या वस्तीचे नुकसान वाढते. इंदूरच्याच देवगुराडियाच्या कचरा डेपोवरील जुने ढीग उपसून सुमारे 100 एकर जमीन मोकळी झाली आणि 2022 मध्ये त्याच परिसरात रोज 550 टन ओल्या कचऱ्यापासून वायू तयार करणारा प्रकल्प सुरू झाला. ढिगांवर नुसती माती ओढली असती तर हे घडले नसते. दूषित स्थळांसाठी 2025 मध्ये केंद्राचे स्वतंत्र नियमही आले आहेत. आता चालढकलीला सबब उरलेली नाही.

प्रश्न : मोहरी लावल्याने माती शुद्ध होते का?

काही धातू थोडे शोषले जातात, पण त्याला अनेक वर्षे लागतात. ती भाजी खाऊ नये, गुरांना घालू नये; उपटलेल्या रोपांचे काय करायचे, हे लावण्यापूर्वीच तज्ज्ञाला विचारावे.