तुआरेग म्हणजे अल कायदा? अहो, भानगड फार जुनी आहे

तुम्ही लिहिलंय की लिबियाचा हुकूमशहा गद्दाफी मेला, त्याची हत्यारं वाळवंटात पसरली आणि सहारात गुरं-उंट घेऊन भटकणाऱ्या तुआरेग लोकांनी अल कायदाला धरून पश्चिम आफ्रिकेतल्या मालीत बंड केलं. हत्यारं आली हे खरंय, बाकी गडबड आहे.

माली १९६० ला स्वतंत्र झाला आणि तुआरेगांचं पहिलं बंड १९६३ लाच झालं, ते सैन्याने अगदी निर्दयपणे चिरडलं. मग सत्तरीतला दुष्काळ, परत ऐंशीतला. गुरं-उंट मेले की या लोकांकडे उरतं काय? पोरं कामाला अल्जीरिया-लिबियात गेली, त्यांना नाव पडलं 'इशुमार', फ्रेंच 'शोमर'वरून, म्हणजे चक्क बेकार! त्यातल्या बऱ्याच जणांना गद्दाफीने फौजी ट्रेनिंग दिलं. (तिनारिवेन हा गिटारवाला बँड त्याच पोरांचा, ऐका कधीतरी.)

सगळं समजून घ्यायचं तर एकाच माणसावर नजर ठेवा, इयाद अग घाली या तुआरेग पुढाऱ्यावर. तोही गद्दाफीकडे तयार झालेला, १९९० मध्ये मालीतल्या मेनाका गावावरच्या हल्ल्याने दुसरं बंड सुरू झालं त्याचा म्होरक्या हाच, आणि पुढच्याच वर्षी अल्जीरियातल्या तामनरासेत शहरात सरकारशी करार करणाराही हाच. १९९६ ला टिंबक्टूत सुमारे ३००० बंदुका रचून जाहीरपणे जाळल्या, लोकांना वाटलं संपलं एकदाचं. कसलं काय, २००६ ला उत्तर मालीतल्या किदालमध्ये परत बंड, परत करार. मध्ये याच इयादला सरकारने सौदीत जेद्दाहला डिप्लोमॅट म्हणून पाठवलं, तोवर गडी कट्टर धार्मिक झाला होता.

२०११ ला लिबियातून माणसं आणि हत्यारं परत आली, एमएनएलए ही तुआरेग बंडखोरांची संघटना उभी राहिली, तिला हवा होता उत्तर मालीचा 'आझवाद' हा स्वतंत्र देश, तोही सेक्युलर. इयादला नेतृत्व हवं होतं, ते मिळालं नाही, मग त्याने स्वतःची अन्सार दिन ही जिहादी संघटना काढली आणि अल कायदाशी हातमिळवणी केली. ६ एप्रिल २०१२ ला एमएनएलएने स्वातंत्र्य जाहीर केलं खरं, पण काही महिन्यांत जिहादींनी त्यांनाच गाओ आणि टिंबक्टू या शहरांतून हुसकावलं. म्हणजे तुम्ही ज्यांना एक समजताय ते एकमेकांवरच गोळ्या झाडत होते.

आता तुमचं 'पण काही तुआरेग जिहादी आहेतच ना' हे येणार, तर हो, आहेत, इयादच २०१७ पासून जेएनआयएम या अल कायदाशी जोडलेल्या जिहादी गटाचा प्रमुख आहे. पण माली सरकारशी झालेल्या २०१५ च्या अल्जीयर्स शांतता करारावर सह्या करणारेही तुआरेगच होते, आणि तो करार जानेवारी २०२४ मध्ये मालीच्या लष्करी सरकारने मोडला, त्याच्या दोनच महिने आधी वॅग्नर या भाडोत्री फौजेच्या रशियनांना घेऊन त्यांनी किदाल जिंकलं होतं.