सूर जुळवताना : मधल्या आठवड्याची तार

पावसाळा तोंडावर आला की गिटारवाल्यांची पत्रं येतातच, यंदा तीन एकदम आलीत आणि तिन्ही तारांबद्दलच आहेत, म्हणून एकत्र घेतो. पहिल्याला जरा जास्त जागा जाईल, बाकीच्यांनी सांभाळून घ्या.

प्रश्न : काका नमस्कार, मी देवगडचा, वय २१, घर खाडीच्या अगदी वर आहे. दीड वर्षापूर्वी ड्रेडनॉट, म्हणजे मोठ्या अंगाची गिटार घेतली, प्लायवूडची, साधीच. गाण्याला साथ म्हणून वाजवतो, जास्त करून स्ट्रमिंग, म्हणजे सगळ्या तारांवर एकदम हात मारत. प्रॉब्लेम असा की नवीन तारा लावल्या की आवाज एवढा टोकदार येतो की आई म्हणते पत्र्यावर पाऊस पडतोय. दोन-तीन आठवड्यांनी मस्त गोड होतो आणि मी खूश होतो तोवर अजून पंधरा दिवसांत एकदम बसतो, तारा काळ्या पडतात. पाकिटावर ८०/२० ब्रॉन्झ आणि १२ (सगळ्यात बारीक तारेची जाडी) असं होतं. तो मधल्या आठवड्यातला आवाज कायम देणारी तार कुठली?

उत्तर : मधला आठवडा हे बरोबर पकडलंस रे, कितीतरी जण नुसतं तारा खराब आहेत म्हणत बसतात. तार नवी असते तेव्हा तिच्यातले वरचे बारीक सूर सगळे जागे असतात, तो टोकदारपणा त्यांचाच. मग जाड तारांवर जी वेटोळी असतात ना, त्यांच्या फटीत घाम, बोटांचा मळ आणि आपल्याकडे हवेतलं मीठ जाऊन बसतं आणि सगळ्यात आधी हे वरचे सूर दबतात, खालचा भरलेला आवाज अजून शाबूत असतो. तो तुझा मधला आठवडा. पुढे मळ वाढतो, गंज धरतो, फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांवर, घासून तारेला खालून खाचा पडतात, आणि मग खालचाही आवाज जातो. म्हणजे गोड तार वेगळी आणि मेलेली तार वेगळी, फक्त खाडीच्या वर राहिल्यावर एकीची दुसरी व्हायला फार दिवस लागत नाहीत, तू वाजव नाहीतर नको वाजवू, मीठ आपलं बसतच असतं.

मेलेली कशी ओळखायची ते सांगतो. बाराव्या फ्रेटच्या बरोबर वर बोट नुसतं टेकवून हार्मोनिक, म्हणजे घंटीसारखा वरचा सूर वाजव, मग तिथेच दाबून वाजव. तारा नव्या असताना दोन्ही सूर जुळत होते आणि आता जुळत नाहीत, तर तार गेली, सूर दाखवणाऱ्या ट्यूनरला शिव्या देऊ नको. दुसरं म्हणजे तारेच्या खालच्या अंगाने नख फिरव, फ्रेट येतो त्या जागी नख अडखळलं तर समज.

आता पैसे खर्च करायच्या आधी तुझं पिक, म्हणजे तारा छेडायची ती छोटी पात, कुठलं आहे ते बघ. पत्रात लिहिलं नाहीस पण दुकानदार गिटारबरोबर फुकट देतो ते पातळ, अर्ध्या मिलिमीटरचं वगैरे असणार, कारण तो पत्र्याचा आवाज अर्धाअधिक त्याचाच असतो, पिक वाकतं आणि तारेवर टक्‌ करून आपटतं. एक मिलिमीटरचं किंवा त्याहून जाड घे, आणि टोकाऐवजी त्याचा गोलसर खांदा तारेवर लाव, बघ काय फरक पडतो. आणि हात कुठे मारतोस? ब्रिजच्या, म्हणजे गिटारच्या अंगावर तारा बांधलेल्या असतात त्या पट्टीच्या, जवळ मारलंस तर वरचे सूर जास्त उठतात, भोकाच्या वर किंवा अजून जरा मानेकडे सरकलास की आवाज गोल होतो. एका गाण्यात अंगठ्याच्या नुसत्या मांसाने वाजवून बघ, नख न लावता. हे सगळं फुकट आहे आणि मी शिकवतो तिथे निम्म्या पोरांचा तारांचा प्रश्न इथेच संपतो.

तुझा संपला नाही असं धरून पुढे जातो. तुझ्या पाकिटावरचं ८०/२० म्हणजे ८० टक्के तांबं आणि २० टक्के जस्त. नाव ब्रॉन्झ असलं तरी तांबं आणि जस्त म्हणजे सरळ सरळ पितळ झालं, तांबटाला विचार, तो हसेल. आवाजाला हीच जास्त चकचकीत आणि टणक. तुला हवी फॉस्फर ब्रॉन्झ, त्यात तांबं साधारण ९२ टक्के, बाकी कथील आणि चिमूटभर फॉस्फरस. डॅडारिओ कंपनीने ही १९७४ मध्ये गिटारच्या तारांत आणली आणि आज तर बहुतेक सगळ्यांकडे मिळते. आवाज जरा गोल, मधला भाग भरलेला, आणि गंजाला ८०/२० पेक्षा दमदार, आपल्याकडे हे दुसरं कारण पहिल्याएवढंच मोठं आहे. पण धातूच्या नावावर फार भाळू नको, तांबं आणि कथील म्हणजे घराण्याने कासंच, आणि भजनातले काशाचे टाळ शेजारी बसून ऐकलेस तर गोड म्हणशील का? प्रमाण आणि घडण बदलली की सगळंच बदलतं. आणि हेही लक्षात ठेव की सहापैकी वरच्या दोन बारीक तारा कुठलाही सेट घेतलास तरी साध्या पोलादाच्याच असतात, त्यांच्यावर ब्रॉन्झचं वेटोळं नसतं, त्यामुळे खुपणारा आवाज त्या दोघींचा असेल तर धातू बदलून काही होणार नाही, पिक बदलूनच होईल.

मोनेल म्हणून अजून एक प्रकार आहे, निकेल आणि तांब्याचा, आवाज कोरडा आणि जुन्या वळणाचा, गंजत फारसा नाही. मला स्वतःला आवडतो. पण स्ट्रमिंगवाल्याला तो सुरुवातीला फिका वाटतो, त्यामुळे तुला आत्ताच सांगत नाही.

जाडी १२च ठेव. जाड तार म्हणजे गोड तार असं कुणीतरी सांगेल, ते थोडं खरंही आहे, १३ ने खर्ज भरतो, पण प्लायच्या साध्या गिटारवर तेवढा ताण नको, ब्रिजच्या मागे पोट सुटतं आणि ॲक्शन, म्हणजे तारांची फ्रेटपासूनची उंची, वर जाते, वर दमट हवा आहेच. उलट एक युक्ती कर, १२च्याच तारा अर्धा सूर उतरवून लाव, म्हणजे ई ची ई फ्लॅट, आणि मूळ सूर पाहिजे तेव्हा पहिल्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा. ताण कमी, बोटं खूश, आवाज खाली बसतो, आणि बऱ्याच जणांचा गळाही तिथे जास्त आरामात गातो.

आता कोटेड. तारेवर पॉलिमरचं अगदी पातळ आवरण असतं, म्हणजे वेटोळ्यांच्या फटीत मळ आणि मीठ शिरत नाही. एलिक्सर या नावाने १९९७ मध्ये गोअर कंपनीने आणल्या, तीच ती गोअर-टेक्सवाली, रेनकोटवाली, म्हणजे पाणी अडवण्यात यांचा हात बसलेलाच होता. तुझ्या प्रश्नाला खरं तर हेच उत्तर आहे, कारण आवरणामुळे नव्या तारेचा टोकदारपणा जरा कापलेला असतो आणि पुढचं मरण लांबतं, म्हणजे मधला आठवडा ओढून ओढून मोठा केल्यासारखं होतं. त्यांच्याच पॉलिवेब नावाच्या जाड आवरणाच्या तारा अजून मऊ, बोट सरकवताना चीं चीं आवाजही कमी, नॅनोवेब पातळ आणि जास्त चमकदार. पैसे साध्या सेटच्या दुपटीच्या आसपास जातात हे आहेच. मुंबई-पुण्याच्या माणसाला मी कोटेडचा आग्रह करत नाही, खाडीवरच्याला करतो.

फक्त घेताना पाकीट नीट वाच, काही कोटेड सेटमध्ये आवरण चार जाड तारांनाच असतं, वरच्या दोन साध्या, आणि इथे आधी त्याच गंजतात. त्यासाठी १२ आणि १६ नंबरच्या सुट्या पोलादी तारा चार-चार आणून ठेव, स्वस्त असतात, बॉल एंडवाल्या, म्हणजे टोकाला गोळी असलेल्या बघून घे, आणि त्या दोनच बदलत जा. अजून एक, कागदी पाकिटातल्या तारा किनाऱ्यावरच्या दुकानातून घेताना जपून, मी एकदा जिल्ह्याच्या ठिकाणाहून सेट आणला, घरी येऊन फोडला तर पहिली तार आतल्या आतच तपकिरी झालेली, कोण जाणे किती पावसाळे दुकानात काढले होते तिने. हवाबंद प्लॅस्टिकचं पाकीट असेल तेच घे.

आणि रोजचं काम. वाजवून झालं की जुन्या सुती बनियनचा तुकडा घ्यायचा, तार चिमटीत धरून वरून खालून पुसायची, नुसती वरून नाही, खालच्या अंगालाच मळ जास्त. गिटार भिंतीला टेकवून ठेवू नको, त्यातून समुद्राकडची भिंत असेल तर अजिबातच नको, केसमध्ये ठेव आणि आत सिलिका जेलच्या पुड्या टाक. बुटांच्या खोक्यात मिळतात त्या एवढ्याशा पुडीने काही होत नाही, रंग बदलणारे दाणे सुटे मिळतात, निळे असतात ते ओल धरली की गुलाबी होतात, मग कढईत मंद गरम करून परत निळे करायचे, कढई मात्र जुनी घे आणि नंतर स्वयंपाकाला वापरू नको. गिटारला हवेत ४५ ते ५५ टक्के दमटपणा मानवतो, आपल्याकडे जुलैत तो ८०-९० च्या घरात असतो, लाकूड फुगतं, ब्रिज वर उचलतो, ट्यूनर बघितलास तर तारा आपोआप चढलेल्या दिसतात. तेव्हा आवाज बसला तर दर वेळी तारेलाच दोष नाही.

तर तुझ्यासाठी, फॉस्फर ब्रॉन्झ, १२, कोटेड, जाड पिक. पण आधी जाड पिक घे आणि आहेत त्या तारांवर आठवडाभर वाजव, मग ठरव.

प्रश्न : मी वेंगुर्ल्याची, वय ५२, मुलीची गिटार घरात पडून होती म्हणून शिकायला घेतली. बोटं फार दुखतात आणि आवाजही मला जरा हळुवार हवाय, शेजारी ऐकू नये एवढा. सिल्क अँड स्टील तारा घ्या असं कुणी म्हणालं, त्यात खरंच रेशीम असतं का?

उत्तर : ताई, नावाप्रमाणे रेशीमच, निदान मूळ घडण तरी तीच, आतली पोलादी तार आणि बाहेरचं धातूचं वेटोळं यांच्यामध्ये रेशमाच्या किंवा तसल्याच कृत्रिम धाग्यांचा थर असतो. त्यामुळे ताण कमी, दाबायला मऊ, आवाज हळुवार आणि लांबवर न जाणारा, तुम्हाला हवा तसाच. बोटांनी छेडून वाजवणार असाल तर डोळे मिटून घ्या, पिकने धडाधड वाजवणाऱ्याच्या हातात त्या फार टिकत नाहीत. पण एक आधी बघा, बाराव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्यात करंगळीचं टोक सहज जातंय का? जात असेल तर तारांनी दुखणं जाणार नाही, ॲक्शन वर आलीय, पडून राहिलेल्या गिटारचं हे होतंच, जाणकाराकडून मानेतला रॉड (मान सरळ ठेवणारी सळई) आणि सॅडल (ब्रिजवर तारा टेकतात ती पट्टी) बघून घ्या. तारा पातळ लावल्यावर मान थोडी मागे जाते आणि तार फ्रेटवर खरखरते, तेव्हाही इलाज तोच, रॉड पाव फेरी इकडे-तिकडे. स्वतः पाना घेऊन बसू नका. आणि तारा ताणायचे पेग फिरवताना नटपाशी, म्हणजे मानेच्या वरच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीपाशी, टिंग टिंग आवाज करत तार अडकत असेल तर त्या खाचेत पेन्सिलीचं शिसं घासा, हे मात्र स्वतः करा.

प्रश्न : आमच्याकडे अलिबागला वडिलांची नायलॉन तारांची क्लासिकल गिटार आहे. आवाज गोड आहे पण लहान पडतो. तिला फॉस्फर ब्रॉन्झच्या तारा लावल्या तर गोडही राहील आणि मोठाही होईल ना?

उत्तर : नको, अजिबात नको. नायलॉनच्या सहा तारांचा मिळून ताण सुमारे ४० किलो, पोलादी १२ च्या सेटचा ७० किलोच्या वर. वडिलांच्या गिटारच्या मानेत बहुतेक रॉड नसेल आणि वरची फळी आतून तेवढ्या ताणासाठी बांधलेली नसते. पहिल्या दिवशी आवाज खरंच मोठा येईल, तुम्हाला वाटेल काका उगाच घाबरवतात, आणि मग एखाद्या रात्री ब्रिज उखडून पडेल किंवा मान हळूहळू धनुष्यासारखी वाकेल. त्याऐवजी नायलॉनचाच हाय टेन्शन सेट लावा, त्याने आवाज थोडा पुढे येतो आणि गिटारला झेपतो. नवीन नायलॉन सूर धरायला चार-पाच दिवस घेतो, सारखा उतरत राहतो, तेवढे दिवस रोज सकाळ-संध्याकाळ सुरात आणत बसा. तेवढ्यावर भागलं नाही तर गिटार खोलीच्या मध्यात बसून न वाजवता भिंतीकडे तोंड करून कोपऱ्यात वाजवून बघा, तुम्हाला स्वतःला तरी जास्त ऐकू येईल.