संमतिपत्रावर सही करण्याआधी

तुम्ही विचारलंय, लेकीच्या शाळेने एआयवर चालणारं अभ्यासाचं अ‍ॅप आणलंय, संमतिपत्र घरी आलंय, सही करू का? मी बरीच वर्षं शिकवते आहे, अशी अ‍ॅप्स वर्गात वापरलीही आहेत, त्यावरून सांगते.

आधी शाळेला एकच विचारा : सही नाही केली तर मुलीचं काय? गृहपाठ, चाचण्या, गुण सगळं त्याच अ‍ॅपवर असेल, तर ती संमती नव्हे, नाइलाज आहे. २०१८ मध्ये स्वीडनमधल्या एका शाळेने २२ विद्यार्थ्यांची हजेरी चेहरा ओळखणाऱ्या कॅमेऱ्याने घेऊन पाहिली. संमती घेतलेली होती. तरी २०१९ मध्ये तिथल्या माहिती-संरक्षण यंत्रणेने २ लाख क्रोनर दंड ठोठावला. मूल शाळेवर अवलंबून असतं, तेव्हा अशी संमती मोकळेपणाने दिलेली धरता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. मला ते शंभर टक्के पटतं.

खासगीपणाबद्दल सगळेच बोलतात. माझ्या जिवाला जास्त लागतं ते मशीनने मुलावर मारलेला शिक्का. माझ्या वर्गातल्या एका मुलाचा निबंध सॉफ्टवेअरने ‘एआयने लिहिलेला’ ठरवला. तो काही बोललाच नाही. दप्तरातून कच्ची वही काढून माझ्यापुढे ठेवली. तीन पानं नुसती खाडाखोड, एक परिच्छेद बाण काढून वर नेलेला, समासात एकच शब्द दोनदा लिहून पाहिलेला. वही होती म्हणून तो सुटला. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेतले ९१ निबंध एआयचं लेखन पकडणाऱ्या अशा सात सॉफ्टवेअरना दिले, तर सरासरी ६१ टक्के निबंध मशीनचे ठरले. साधे शब्द, सरळ वाक्यं, एवढाच त्यांचा गुन्हा! शिकणारं मूल दुसरं कसं लिहिणार?

म्हणून संमतिपत्रात हे शोधा : मशीनचा निकाल चुकला तर दाद कोणाकडे मागायची? तिथे माणसाचं पद लिहिलेलं हवं, नुसता ईमेल नको. मुलीने लिहिलेलं, बोललेलं कंपनी किती दिवस ठेवते, ते वापरून आपलं एआय शिकवते का, शाळा सोडल्यावर ते पुसलं जातं का, हेही लेखी घ्या. कॅमेऱ्याने चेहऱ्यावरून ‘लक्ष आहे की नाही’ ओळखू म्हणत असतील तर सरळ नाही म्हणा. युरोपीय संघात वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणं सोडली तर शिक्षणसंस्थांत असं भावना ओळखणारं तंत्र फेब्रुवारी २०२५ पासून बंद आहे.

आणि हो, लेकीला विचारलंत का? संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेतलं बारावं कलम तेच सांगतं : मुलाशी संबंधित गोष्टीत त्याचं मत ऐकून घ्या, वय आणि समज पाहून त्याला वजन द्या. शेजारी बसवून अ‍ॅप उघडा आणि तिला काय खटकतं ते बघा. माझ्या एका विद्यार्थिनीला एवढंच हवं होतं, की तिचे चुकलेले प्रयत्न बाईंना दिसू नयेत. आम्हा मोठ्यांपैकी एकालाही ते सुचलं नव्हतं. तुमची लेक जे सांगेल ते तिच्याच शब्दांत शाळेला लिहा, आणि उत्तर येईपर्यंत सही थांबवा.