२५६ जीबीच्या एसएसडीवरचं विंडोज १ टीबीच्या एसएसडीवर न्यायचंय. सी ड्राइव्हमधलं सगळं कॉपी-पेस्ट केलं तर चालेल का?

नाही, तसं केलं तर नवी एसएसडी बूट होणार नाही. अख्ख्या डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, घ्या आणि ती नव्या डिस्कवर उतरवा. विंडोज सुरू करणारा बूट लोडर वेगळ्या, साधारण १०० एमबीच्या ईएफआय पार्टिशनमध्ये (डिस्कच्या वेगळ्या भागात) असतो आणि ते फाइल एक्सप्लोररमध्ये दिसतसुद्धा नाही. अशी इमेज घेणारं क्लोनझिला हे सॉफ्टवेअर फुकट आहे, दिसायला ओबडधोबड, पण काम चोख. पेनड्राइव्हवरून ते सुरू करा, मग:

- 'सेव्हडिस्क'ने इमेज तिसऱ्या, बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवा.
- एसएसडी बदलून 'रिस्टोअरडिस्क' चालवा. डिस्क निवडताना साइज दोनदा वाचा. चुकीच्या डिस्कवर एंटर दाबलं की तिथला डेटा गेलाच.
- पहिल्यांदा विंडोज सुरू कराल तेव्हा जुनी एसएसडी जोडलेली नको, नाहीतर कुठल्या डिस्कवरून बूट झालं तेच कळत नाही.

सी ड्राइव्ह अजून जुन्याच मापाचा दिसेल, बाकी जागा 'अनअलोकेटेड', म्हणजे कुठल्याच पार्टिशनला न दिलेली. डिस्क मॅनेजमेंटमधलं 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' बहुधा दाबताच येणार नाही, कारण मध्ये रिकव्हरी पार्टिशन अडून बसलेलं असतं. जीपार्टेड या पार्टिशन सरकवणाऱ्या सॉफ्टवेअरने ते डिस्कच्या टोकाला सरकवा, मग सी ड्राइव्ह वाढवता येतो.

मात्र बिटलॉकर (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर आधी ते बंद करून डिक्रिप्शन पूर्ण होऊ द्या. नाहीतर क्लोनझिला रिकामी जागासुद्धा सेक्टर-सेक्टर उचलतं आणि इमेज अवाढव्य होते.