टी-दोन, तिसरा मजला, लिफ्ट नाही

नमस्कार भाऊ,

तुम्ही लिहिलंय की डिचोलीहून सप्टेंबरात लिस्बनला यायचं ठरलंय, मुलगी साडेचार वर्षांची, दुसरं जानेवारीत होणार, भाड्याला 900 युरोच्या वर जमणार नाही, तर फॅमिलीला बरा आणि परवडणारा एरिया कुठला. उत्तर खरं तर एका ओळीचं आहे, सिंत्राची रेल्वेलाईन धरा नाहीतर नदीच्या पलीकडे बघा. पण जानेवारी वाचलं आणि हात थांबला. आमची धाकटी पण जानेवारीचीच, 2020 ची. आम्ही पण असेच ऐन चवथीच्या तोंडावर मोठ्याला घेऊन फोंड्याहून निघालो होतो आणि वहिनींसारखी मीही पोटुशी होते. त्यामुळे हे लांबणार, कंटाळा आला तर मधलं सोडून द्या.

पासपोर्ट, कार्तांव म्हणजे ओळखपत्र, निफ म्हणजे टॅक्स नंबर, यातलं काही सांगत नाही. ज्या एजंटाकडे गेला असाल त्याने ते तोंडपाठ म्हणून दाखवलं असेलच आणि सरकारी साईटवर पण आहे.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. इथे एप्रिल 2019 पासून महिन्याचा पास 40 युरोचा, आणि तो लिस्बन धरून आजूबाजूच्या सगळ्या 18 नगरपालिकांत ट्रेन, बस, मेट्रो, फेरीबोट सगळ्याला चालतो. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना फुकट. म्हणजे लांब राहिलात म्हणून प्रवासाचा खर्च वाढत नाही, वेळ वाढतो. डिचोली-पणजी रोज करणाऱ्याला चाळीस मिनिटांचं काय मोठंसं, असं वाटतं ना, मलापण वाटलं होतं. कडेवर मूल आणि संपाच्या दिवशी फलाटावर उभं राहिलात की कळतं. संपाला इथे ग्रेव म्हणतात, हा शब्द पहिल्या महिन्यातच शिकाल.

खुद्द लिस्बन शहर सोडून द्या. मार्तिम मोनिझला आपली दुकानं आहेत, हळद-मोहरी-पीठ सगळं मिळतं, पण तिथे खोल्या शेअर करून राहणारे एकटे पुरुष जास्त, लेकुरवाळ्यांचं ते काम नाही. ओदिवेलाशला मेट्रो आहे, गुजराती कुटुंबं आहेत, दीव आणि मोझांबिकहून आलेली जुनी माणसं, तेल्यैराशचं राधाकृष्ण मंदिर तिथून लांब नाही. पण मेट्रो आली की भाडं चढतं, तुमच्या 900 मध्ये तिथे दोन बेडरूम मिळणं मला कठीण दिसतं. 2025 मध्ये इथला किमान पगारच 870 युरो होता, यावरून अंदाज घ्या, एकाचा आख्खा पगार घरमालकाचा असं धरूनच चालायचं.

मग राहिली सिंत्रा लाईन. आमादोरा, केलूश, मासामा, कासेम, रिओ द मोरो, मेम मार्तिन्श, जसजसं पुढे जाल तसतसं भाडं उतरतं आणि ओल वाढते. सिंत्राचा डोंगर ढग अडवून धरतो, आपल्याकडे चोर्ला घाटात असतं तसं. आमादोरा शहराला चिकटूनच आहे, रेबोलैराला ट्रेन आणि मेट्रो दोन्ही एकत्र मिळतात. आपलेच लोक तुम्हाला सांगतील की तिकडे जाऊ नका, तिकडे आफ्रिकन लोक जास्त, वस्ती बरी नाही. मी पण ऐकलं आणि गेले नाही. त्याची किंमत पुढे सांगते. नदीपलीकडे बारैरो, सैशाल स्वस्त पडतात, बारैरोची बोट थेट तेरैरो दु पासुला येऊन लागते. बेतीच्या फेरीबोटीत वाढलेला माझा नवरा त्याच बोटीवर भाळून तिकडे घर घेऊ म्हणत होता. नोकरी त्या बाजूला किंवा बोटीच्या धक्क्याजवळ असेल तर जरूर घ्या.

आता घर. इथे टी-दोन म्हणजे दोन बेडरूम आणि हॉल. काही जुन्या जाहिरातींत तीन आसोआल्यादाश लिहितात, त्यात हॉलपण मोजतात, तेव्हा तीन बेडरूम समजून हुरळून जाऊ नका. घर बघायला जाल तेव्हा कपाट भिंतीपासून पुढे ओढून मागची भिंत बघा, मालक तोंड वाकडं करेल, करू दे. नवीन पांढरा रंग दिसला तर जास्तच बघा. बहुतेक घरांत हीटर बसवलेला नसतो, खिडक्यांना एकच काच, आणि नोव्हेंबर ते मार्च ही ओल घरात मुक्कामाला येते. आपल्याकडे जुलैत चपलांवर बुरशी येते पण दारं-खिडक्या उघड्या असतात, वारा असतो. इथे थंडी म्हणून सगळं बंद, आणि बाळाचे कपडे चार चार दिवस वाळत नाहीत. ओल शोषणारं मशीन मिळतं, देझउमिदिफिकादोर, ते पाळण्याच्याही आधी घ्या. आमच्या पहिल्या घरात त्याचं भांडं सकाळ-संध्याकाळ ओतायला लागायचं, रोजचं चांगलं तांब्या-दीड तांब्या पाणी, त्या हवेत माझं बाळंतपण झालं.

ते पहिलं घर. एरियाचं नाव घेत नाही, ओळखीचे अजून राहतात तिथे. अर्धं जमिनीखाली होतं, खिडकीतून लोकांचे फक्त पाय दिसायचे. पण बाकी सगळ्यांपेक्षा महिन्याला 120 युरो कमी. मालक गोड बोलणारा, फियादोर म्हणजे जामीनदार नको म्हणाला, आगाऊ भाडं फक्त एका महिन्याचं, एकच अट, पावती नाही आणि काँट्रॅक्ट फिनांसास म्हणजे टॅक्स ऑफिसकडे रजिस्टर करणार नाही. त्याला टॅक्स वाचवायचा होता. बाकीचे मालक जामीनदार नसेल तर सहा सहा महिन्यांचं आगाऊ मागत होते, तेव्हा आम्हाला हा देवमाणूस वाटला.

पावती नाही म्हणजे पत्त्याचा पुरावा नाही. पुरावा नाही म्हणजे जुंता, म्हणजे आपली पंचायत म्हणा, रहिवासी दाखला सहजी देत नाही, त्याच वॉर्डात मतदार असलेले दोन साक्षीदार घेऊन या म्हणते. परक्या गावात आठ दिवसांत दोन मतदार कुठून आणायचे? शेवटी खालच्या पास्तेलारियाची मालकीण आणि तिची म्हातारी गिऱ्हाईक आल्या, दुकान अर्धा तास बंद ठेवून. मला तेव्हा ओब्रिगादाच्या, म्हणजे धन्यवादाच्या, पुढे काही बोलता येत नव्हतं, तेच सात-आठ वेळा म्हटलं. नवऱ्याचं वेगळंच. तो मूळचा सावंतवाडीकडचा, म्हणजे पोर्तुगीज पासपोर्ट नाही, त्याला माझ्यामुळे इथे राहायचं कार्ड मिळणार होतं, त्यासाठी एका ऑफिसने तारीख दिली, तारखेला गेलो तर म्हणे तारीखच नाही, सिस्टिममध्ये दिसत नाही. प्रिंट हातात होती. प्रिंट दाखवली तर म्हणे ही प्रिंट आमचीच आहे पण तारीख नाही. यावर काय बोलणार. मामलेदार कचेरीत निदान भांडता येतं, कुणीतरी कुणाचातरी मेव्हणा निघतो.

हा सगळा कागदांचा खेळ होईपर्यंत शाळा सुरू झाल्या. भाऊ, हे नीट वाचा. सरकारी शाळेत घराजवळच्या मुलांना प्राधान्य असतं, पण नावं वसंतात घेतात, एप्रिलपासून. आम्ही ऑगस्टच्या शेवटी आलो, वर पत्त्याचा दाखला उशिरा, तेव्हा घरासमोरची शाळा भरलेली. मोठा सहा वर्षांचा, पहिलीला. त्याला लांबच्या शाळेत जागा दिली, दोन बस बदलून. गॅलरीत उभं राहिलं की समोरच्या शाळेची घंटा ऐकू यायची म्हणाले असते, पण गॅलरी कुठली, पायच दिसायचे त्या खिडकीतून. घंटा मात्र ऐकू यायची.

त्या लांबच्या शाळेत परदेशी मूल म्हणजे तो एकटा. परदेशी मुलांना पोर्तुगीज शिकवायची वेगळी सोय असते, पण एका मुलासाठी कोण शिक्षक नेमतो? ज्या आमादोरा, कासेमला मी नाक मुरडलं, तिथल्या वर्गांत अर्धी मुलं घरी दुसरंच काहीतरी बोलतात, शिक्षकांना त्याची सवय आहे. माझ्या एका मैत्रिणीची मुलगी तिथे तीन महिन्यांत भांडायला लागली. मुलं नव्या भाषेत आधी भांडतात, मग बोलतात.

आमचा बोललाच नाही. दिवाळी गेली, नाताळ आला, वर्गात एक शब्द नाही. घरी मात्र तोंडाची टकळी चालू. प्रोफेसोराने बोलावलं. वाईट बाई नव्हती, खूप प्रेमाने सांगितलं की घरी तुम्ही पोर्तुगीजच बोला, तुमची भाषा काही दिवस बंद ठेवा, नाहीतर तो मागे पडेल. आणि मी ऐकलं. मी फोंड्याला मराठी प्राथमिक शाळेत बालवर्ग घेतलेली बाई, मुलं भाषा कशी शिकतात ते मला काय माहीत नव्हतं? पण समोर टेबल होतं, टेबलापलीकडे ती होती, आणि मी मान डोलावली. आठ महिने मी माझ्या मोडक्या पोर्तुगीजमध्ये पोटच्या पोराशी बोलले. रागावणं जमायचं, दोन-तीन शब्दांत भागतं. लाड होत नव्हते. रात्री तो म्हणायचा आई गोष्ट सांग, आणि मी चित्राच्या पुस्तकात बोट ठेवून मांजर, झाड, घर असं त्यांच्या भाषेत म्हणत बसायचे.

मग मार्चमध्ये कोविड आला, शाळा बंद, एप्रिलपासून टीव्हीवर शाळा लागायची, एश्तुदु एम काझा. मांडीवर अडीच-तीन महिन्यांची धाकटी आणि तो टीव्हीसमोर. पोर्तुगीज त्याला त्या टीव्हीने शिकवलं, माझ्या आठ महिन्यांनी नाही. मी परत मराठीवर आले तेव्हा तो उत्तर पोर्तुगीजमध्ये द्यायला लागला होता, अजून तेच चालू आहे. समजतं सगळं. आजीचा फोन आला की हसतो, मान हलवतो, आणि फोन माझ्याकडे देतो.

महिना 120 युरो वाचवले होते. चौदा महिने राहिलो तिथे, गुणाकार तुम्हीच करा, मी पुष्कळदा केलाय.

गंमत म्हणजे धाकटीचं उलटं. ती शाळेतून आली आणि म्हणाली आजीला पोर्तुगीज येतं. का, तर आजी खिडकीला जनेल म्हणते. आजीचं जनेल, मेज, आणि आपली सगळ्यांची चावी, पगार, अननस, बटाटा, तिने कागदावर यादी केलीय, फ्रिजवर लावलीय. तिचे पणजोबा मडगावला 1946 मध्ये पोर्तुगिजांविरुद्धच्या 18 जूनच्या सभेला गेले होते असं आमच्या घरात सांगतात, ते मी तिला अजून सांगितलेलं नाही. माझ्या पासपोर्टासाठी आधी बाबांचा जन्म लिस्बनला नोंदवायला लागला, त्यांनी सही केली, पेनाला टोपण लावलं आणि म्हणाले, तुझ्यासाठी हो. पुढे काही बोलले नाहीत. दरवर्षी 19 डिसेंबरला, गोवा मुक्तिदिनाला, मी त्यांना फोन करते आणि आम्ही हवेबद्दल बोलतो.

एकटेपणाचं विचारलंय तुम्ही. असतो. कामाला लागलात की कमी होतो. चवथीला गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या माटोळीला द्राक्षं, अंजीर आणि डाळिंबं बांधतो, चालतं. बाजारात कावाला नावाचा मासा मिळतो, बांगड्याचाच भाऊ, स्वस्त पण असतो, तिखल्याला बरा लागतो. एवढं पुरे या विषयावर.

आता आम्ही रिओ द मोरोला, टी-दोन, तिसरा मजला, लिफ्ट नाही. ओल आहे पण सोसवेल एवढी, शाळा सहा मिनिटांवर, काँट्रॅक्ट रजिस्टर, पावती दर महिन्याला. तुम्ही मासामापासून मेम मार्तिन्शपर्यंत स्टेशनपासून चालत दहा मिनिटांत बघा, पण वहिनी जानेवारीत बाळंत होणार, तेव्हा तिसऱ्या मजल्यावर बाबागाडी आणि गॅस सिलिंडर कोण चढवणार ते आधी ठरवा. आधी शाळा शोधा, तिच्याभोवती घर. शक्य असेल तर तुम्ही एकटे महिना-दोन महिने पुढे या, पत्त्याचा कागद तयार करा, मग त्यांना आणा, आम्ही सगळे एकदम आलो ते चुकलं. पण बाळंतपण जवळ आलं की विमानाचं जमत नाही, तो हिशेब धरा. मुलीला बालवाडीत जागा सप्टेंबरात मिळेलच असं नाही, वेटिंग लिस्टवर नाव घाला आणि मधूनमधून जाऊन तोंड दाखवत राहा.

आणि क्रेश. 1 सप्टेंबर 2021 नंतर जन्मलेल्या मुलांना योजनेतल्या पाळणाघरांत फुकट आहे. आमची दीड वर्षाने हुकली, आम्ही भरले पैसे, ते जाऊ दे. पण फुकट म्हणजे रांग. आलात की पहिल्या आठवड्यात चार-पाच क्रेशमध्ये स्वतः जाऊन नाव द्या, मूल पोटात असलं तरी बऱ्याच ठिकाणी लिहून घेतात, त्यांना सवय आहे.

काँट्रॅक्ट हातात आलं की सही करायच्या आधी सगळ्या पानांचे फोटो मला पाठवा. मोठा आता वकिलासारखं वाचतो, कुठे गोम आहे ते बरोबर दाखवतो. तुम्हाला मराठीत तो सांगणार नाही, ते मी सांगेन.