देवचार तुमचा, देवचार मावशींचा

प्रश्न : आमच्या मालवणकडच्या गावात देवचार म्हणजे वेशीवरचा राखणदार. त्याला आम्ही नारळ देतो, विडी ठेवतो. चाळीत शेजारी गोव्याच्या ख्रिस्ती मावशी आहेत. परवा नातवावर चिडून त्या ‘देवचार’ म्हणून ओरडल्या. विचारलं तर म्हणाल्या, देवचार म्हणजे सैतान! खरं काय? आणि सैतानाची शिंगं बायबलातली का?
– एक वाचक, लालबाग

उत्तर : मावशींशी वाद घालू नका, त्यांचंही बरोबर आहे. गोव्याच्या ख्रिस्ती कोकणीत देवचार म्हणजे सैतानच. शब्द एकच, पण तुमच्याकडे तो वेशीवर राहिला आणि त्यांच्याकडे नरकात गेला.

हे फक्त कोकणात झालं असं नाही. ग्रीकांचा ‘दायमोन’ हा चांगला-वाईट कसाही असू शकणारा आत्मा. चुकीचं पाऊल टाकताना आपल्याला आतून कोणीतरी अडवतं, असं सॉक्रेटिस म्हणे, तेही त्याच जातीचं. ख्रिस्ती लेखकांच्या हाती पडल्यावर दायमोन कायमचा भूतगणात गेला. शेजाऱ्याचा देव आपल्याकडे राक्षस होतो, तो असा.

शिंगांचंही तेच. बायबलाच्या शेवटच्या पुस्तकात, म्हणजे प्रकटीकरणाच्या 12व्या अध्यायात, सात डोकी आणि दहा शिंगांचा तांबडा अजगर आहे, त्याला सैतान म्हटलंय. पण बोकडाच्या खुरांचा, शेपटीवाला बुवा बायबलात शोधून सापडणार नाही. तो बराचसा ग्रीकांच्या पॅन या मेंढपाळांच्या देवावर बेतलेला. इटलीत राव्हेन्नाच्या एका चर्चमध्ये सहाव्या शतकातलं मोझेक, म्हणजे रंगीत तुकडे जोडून केलेलं चित्र आहे. मध्ये येशू, एका बाजूला मेंढरं आणि तांबडा देवदूत, दुसऱ्या बाजूला बोकडं आणि निळा देवदूत. हा निळा म्हणजे सैतानाचं सर्वांत जुनं चित्र, असं बरेच अभ्यासक मानतात. शिंगं नाहीत, उलट देखणा आहे!

आमच्या माहीमच्या घरी वेदीवर संत मायकलचा, म्हणजे सैतानाला हरवणाऱ्या देवदूताचा पुतळा होता, पायाखाली सैतान. एका नाताळात रंग देताना सैतानाची दोन्ही शिंगं तुटली. आजी म्हणाली, “आता हा आपल्या इस्त्रीवाल्यासारखा दिसतो, त्याला कसं तुडवायचं?” बाबांनी एम-सीलची शिंगं करून बसवली, तेव्हा कुठे प्रार्थना सुरू झाली.

‘सातान’ हा हिब्रू शब्द मुळात नाव नव्हेच. अर्थ विरोधक, आडवा येणारा. बायबलात ईयोब या देवभक्ताची परीक्षा सांगणारं पुस्तक आहे, त्यात तो देवाच्या दरबारातला सरकारी वकील शोभतो. देवाच्या परवानगीशिवाय ईयोबाच्या केसालाही हात लावत नाही. ग्रीक भाषांतरात त्याचा ‘दियाबोलोस’, म्हणजे चहाडखोर, झाला. मराठी बायबलातला दियाबल तिथूनच आला.

पण तुमच्या कामाचा उतारा बायबलातल्या गणना या पुस्तकाच्या 22व्या अध्यायात आहे. बलाम नावाचा द्रष्टा गाढवीवर बसून निघालाय आणि देवाचा दूत तलवार उपसून त्याची वाट अडवतो. त्या अडवण्याला मूळ हिब्रूत शब्द कोणता, तर सातान! गाढवीला दूत दिसतो, बलामाला नाही, आणि मार मात्र गाढवी खाते. एवढी गोष्ट मावशींना वाचून दाखवा. वाट अडवणारा, पण देवानेच पाठवलेला म्हटल्यावर त्या तुमच्या देवचाराची चौकशी नक्की करतील. विडीचं मात्र पहिल्याच दिवशी सांगू नका.